क्विल्दा (चेक) – डोंगरातलं हे गाव आधी कुणाचं होतं? माहिती पाहिजे

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. माझा भाचा चेकमध्ये प्लझेनला कामाला आहे, सुट्टीत तो शुमावा डोंगराकडं गेलता आणि क्विल्दा म्हणून एका बारक्या गावाचे फोटो पाठवलाय. घरं मोजकी, सगळीकडं जंगल, आणि म्हणालाय की त्या भागात जुन्या कबरींवर जर्मन नावंच जास्त दिसतात पण बोलणारी माणसं सगळी चेक. मग आधीचे लोक गेले कुठं? कुणाला इतिहास-भूगोल माहीत असला तर नीट सांगा की.

निपाणीचे_सर:
चांगला प्रश्न विचारलासा. क्विल्दा 1065 मीटरवर आहे, चेकमधली सगळ्यात उंचावरची ग्रामपंचायत म्हणा, आणि वस्ती अगदी थोडी. एवढ्या उंचीवर पीक काही धड येत नाही, मग गाव वसलं कशावर तर वाटेवर आणि लाकडावर. जर्मनीतल्या पासाऊ गावाहून मीठ घेऊन बोहेमियात (म्हणजे चेकच्या पश्चिम भागात) जाणारी जी वाट होती, तिला सोन्याची वाट म्हणत्यात, तिचा एक फाटा इथनं काश्पेर्स्के होरी गावाला जायचा. मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं. आमचे आजोबा पण सांगायचे की घाटातनं बैलांवर मीठ वर यायचं, त्यामुळं मला हे वाचताना अगदी घरचं वाटतं. पुढं काचेचे कारखाने आले कारण भट्टीला लाकूड भरपूर, आणि मोद्रावाजवळ 1799 ते 1801 मध्ये श्वार्झेनबर्ग जहागिरीनं कालवाच खोदला, ओंडके पाण्यात सोडून थेट प्रागपर्यंत न्यायला. ही कामं करणारी, जंगलात राहणारी माणसं बहुतेक जर्मन बोलणारी.

कणकुंबी_मळा:
भूगोलाचं मी सांगतो कारण हे आमच्या गावासारखंच हाय. व्ल्तावा नदी, प्रागमधनं वाहती ती, क्विल्दाच्या जवळच चेर्ना होराच्या उतारावर उगम पावते, तिचं पाणी लाबे (एल्बे) नदीतनं उत्तर समुद्राला जातं. आणि डोंगराच्या माथ्याच्या पलीकडं पडलेला पाऊस जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात उतरून इल्झ नदीतनं पासाऊला डॅन्यूबला मिळतो, तिथनं काळ्या समुद्रात. आमच्याकडं मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी निघून कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला, आणि म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात देगावला निघून मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. एकाच रानातलं पाणी दोन समुद्रांना. तिथल्या दलदली पण बघण्यासारख्या, हजारो वर्षांचं शेवाळ साचून झालेल्या, पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. त्यातल्या येझर्नी स्लात इथं जानेवारी 1987 मध्ये उणे 41.6 अंश नोंदलं गेलंय. जागा खोलगट आहे, रात्री थंड हवा जड होऊन तिथंच साचून राहते म्हणून.

जांबोटीकर:
उणे 41 😳 आम्ही आमगावच्या पावसाला घाबरतो. बरं सर, पण माणसं गेली कुठं ते राहिलंच की. सीमा सरकली आणि भाषेचं भांडण झालं, आपल्या सीमाभागासारखंच का?

निपाणीचे_सर:
नाही ओ, इथं फरक आहे आणि तो नीट समजून घ्यायला पाहिजे. 1956 ला आपण मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, सीमा आपल्या डोक्यावरनं गेली, पण माणूस आपल्या घरात राहिला, शेत राहिलं, देऊळ राहिलं. तिकडं उलटं झालं. सप्टेंबर 1938 मध्ये म्युनिक करार होऊन हा सगळा सीमेलगतचा जर्मनभाषक पट्टा हिटलरला दिला गेला, मग नाझी राजवटीनं चेक लोकांचे काय हाल केले ते सगळ्यांना माहीत आहे, आणि युद्ध संपल्यावर सीमा परत जुन्या जागी आली पण जर्मन माणसं तिथं ठेवली नाहीत. 1945-46 मध्ये चेकोस्लोव्हाकियातनं साधारण 30 लाख जर्मन बाहेर काढले. त्यात नाझींना साथ दिलेले होते तसे नुसते लाकूडतोडे, म्हाताऱ्या बायका, पोरं पण होती. हातात नेता येईल तेवढं सामान. मला दोन्ही बाजूंचं वाचताना वाईट वाटतं, एकाचं दुःख सांगितलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

पुढं 1948 ला कम्युनिस्ट आले, पलीकडं पश्चिम जर्मनी, म्हणून सीमेलगत काटेरी तारा, पहारे, सामान्य माणसाला बंदी. क्विल्दा तगलं, पण वरची बुचिना म्हणून वस्ती होती ती पाडूनच टाकली. आता तिथं त्या तारांच्या कुंपणाचा नमुना उभा करून ठेवलाय, लोकांना कळावं म्हणून. 1989 नंतर वाटा मोकळ्या झाल्या आणि 1991 ला शुमावा राष्ट्रीय उद्यान झालं. माणूस हाकलल्यामुळं जंगल वाचलं असं काहीजण म्हणतात, मला ते बोलणं पटत नाही.

कणकुंबी_मळा:
भाच्याला सांगा पुढच्या वेळी बुचिनापर्यंत चालत जा, व्ल्तावाचा उगम पण त्याच बाजूला हाय.

जांबोटीकर:
सांगतो. तिथनं पलीकडं जर्मनीत उतरता येतं का, की अडवतात?

निपाणीचे_सर:
डिसेंबर 2007 पासून चेक शेंगेनमध्ये आहे, म्हणजे एकमेकांच्या सीमा मोकळ्या ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, लोक चालत बव्हेरियात जातात, पण अधूनमधून तपासणी होऊ शकते. त्याचा पासपोर्ट भारतीय, म्हणून तो आणि तिथलं राहण्याचं कार्ड दोन्ही खिशात असू दे. आणि उन्हाळ्यातच पाठवा, बर्फ तिथं बरेच महिने असतंय.