पांढरीच्या रानात पलटी नांगर आणि जेसीबी नको, वखरावर भागवा. तुमचं मत काय?

गोदाकाठचा : आमच्या गावाच्या नदीकडच्या अंगाला पांढरी आहे. म्हणजे फार जुनं उठलेलं गाव, आता नुसतं टेकाड. त्याच्या एका बाजूला आमच्या भावकीचं रान आहे. गेल्या आठवड्यात तिथं ऊस लावायचा म्हणून जेसीबी लावून सपाटीकरण केलं. मी संध्याकाळी जाऊन बघितलं तर कापलेल्या कडेला पट्टेच्या पट्टे दिसत होते, खाली राख, तिच्यावर चोपलेली जमीन, परत राख, आणि मधेमधे खापरं. तांबड्या खापरावर काळ्या रेघा, एक तर भांड्याची अख्खी तोटी, आतून बोट घातलं तर कुंभाराच्या बोटाच्या वळ्या लागत होत्या हाताला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्या भांड्यांना नाव पडलंय ना, तसलीच. तीन हजार वर्षांचं ते घर दोन तासात ट्रॉलीत भरून गेलं आणि मला रात्रभर झोप नाही.

मी शेती बंद करा म्हणत नाही. 1958 चा जो स्मारकांचा कायदा आहे त्यातसुद्धा संरक्षित जागेत शेतीला मुभा आहे, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही. आता वखर जातो दोन-तीन इंच, रोटाव्हेटर पाच-सहा इंच. पलटी नांगर मात्र सव्वा फुटापर्यंत उतरतो आणि खालचा घट्ट थर फोडणारा सबसॉयलर त्याच्याही खाली. आपल्या बहुतेक पांढऱ्या संरक्षित यादीत नाहीतच, म्हणून तो एक फूट आपणच पाळावा असं मला मनापासून वाटतं.

नांगरट : भाऊ, तुमची तळमळ कळते पण माझं रान दोन एकर, त्यातलं पाऊण एकर टेकाडावर. तिथं पाणी चढत नाही, चढलं तर थांबत नाही. सपाट केल्याशिवाय ऊस काय, कांदा पण धड येत नाही. आणि पांढरी काय आज उकरतोय का आपण? माझा आजा बैलगाडीनं पांढरी वाहून काळीत टाकायचा, म्हणायचा एकदा टाकली की दोन वर्षं खताकडं बघायला नको. घराच्या धाब्यावर पण तीच माती. अख्ख्या गावानं वापरली, आता माझ्याच पिढीला गुन्हेगार का ठरवता? दुसरं, आज खापरं सापडली म्हणून कळवलं आणि उद्या सातबाऱ्यावर काही नोंद लागली तर विहिरीचं कर्ज कोण देणार मला? लोक याच भीतीनं गप्प बसतात. आणि प्रवरेकाठच्या दायमाबादच्या जुन्या वस्तीतली ती ब्राँझची बैलगाडी, हत्ती, गेंडा, रेडा, हे 1974 साली झाडाचं मूळ खणणाऱ्या एका भिल्ल शेतकऱ्याला सापडलं, कुठल्या साहेबाला नाही. आम्ही खणतो म्हणून तुम्हाला कळतं.

मातीमोल नाही : नांगरट दादा, दायमाबादचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगते. त्या मूर्ती शास्त्रीय उत्खननात निघाल्या नाहीत, कुठल्या थरात होत्या ते कुणी मोजलं नाही, म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. वस्तू हातात आली, तिचा पत्ता हरवला. गावाचं नाव न लिहिलेलं पत्र मिळावं तसं झालं ते.

पण गोदाकाठचा, मला तुमचंही पटत नाही. एक फूट म्हणजे खूप झालं हो! इनामगावच्या जुन्या वस्तीचं बघा, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 पासून 1983 पर्यंत खणलं. आधीच्या काळात तिथं ऐसपैस चौकोनी घरं, बार्लीचं पीक, पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांध. नंतर पाऊस कमी झाला असं अभ्यासक मानतात, आणि शेवटी शेवटी लोक छोट्या गोल झोपड्यांत राहायला लागले. आता हा शेवटचा, हलाखीचा काळ म्हणजे सगळ्यात वरचा थर. गोल झोपडीची खूण काय तर खांबाची खळगी आणि चोपलेल्या मातीचा पातळ पापुद्रा. ते नांगराच्या पहिल्याच फेरीत जातं. दुष्काळात आपल्या आधीचा शेतकरी कसा तगला हेच नेमकं आपण पुसतोय, आणि तेही दुष्काळी पट्ट्यात बसून. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तिथं इनामगावात लहान लेकरं घराच्या जमिनीखाली दोन रांजणं तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली मिळाली, आईच्या पायाखाली. असल्या जागेवर सबसॉयलर?

नांगरट : लेकरांचं वाचून गलबललं, खोटं कशाला बोलू. पण ताई, मग पाऊण एकर पड टाकू का? माझ्या जित्या लेकरांची फी कशातून भरू ते पण लिहा ना कुणीतरी.

साता समुद्रापलीकडून : इथं इंग्लंडमध्ये असल्या शेताला सरकारी योजनेतून पैसे मिळतात. नांगर बंद करून कायम गवत ठेवलं तर एक दर, नुसती उथळ मशागत ठेवली तर दुसरा. शेतकरी स्वतःहून अर्ज करतात. आपल्याकडं 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा सापडलेल्या धनाचा मोबदला सांगतो, पण न खणल्याचा मोबदला कुठं आहे? नांगरट यांचा प्रश्न मला एकदम रास्त वाटतो, पैसे न देता नियम लावला तर लोक रात्री जेसीबी लावतील.

गोदाकाठचा : मातीमोल नाही, तुमचं मान्य, वरचा थर मी धरलाच नव्हता. आणि टेकाडाच्या उतारावर तर अजून वाईट, दर पावसाळ्यात माती धुपते, त्यामुळं तेवढ्याच खोलीचा नांगर दर साली नवीन थर खातो. म्हणून उतारावर तरी गवत ठेवावं असं आता वाटायला लागलंय. आमच्या वाटणीचे बारा गुंठे मी यंदा मारवेल गवताला देतोय, दोन म्हशी आहेत, चारा विकत घ्यायचा वाचेल. हे प्रत्येकाला जमेल असं म्हणत नाही.

नांगरट : बारा गुंठ्यांचं जमू शकतं, त्याच्यावर घरात बोलतो. बाकीचं मात्र सपाट करणार, भरपाईचा कागद हातात आल्याशिवाय थांबणार नाही, स्पष्ट सांगतो.

गोदाकाठचा : ठीक आहे. मग एक करा, मशीन कधी येणार ते दोन दिवस आधी सांगा. मी टेप, कॅमेरा घेऊन येतो आणि कड कापली की ड्रायव्हरला अर्धा तास चहा पाजा. तेवढ्यात थर मोजून फोटो काढतो. डिझेलचा खोळंबा माझ्याकडं लागला.