हेलिओस लेन्स लावली तरी फोटो चित्रासारखे येत नाहीत, नुसते हललेले येतात. रविवारपर्यंत मदत हवी आहे

अबोलीचा_गजरा (सोमवार, रात्री १०.४०)

आजीचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या रविवारी आहे. तिचा एक मोठा फोटो फ्रेम करून तिला द्यायचा आहे. नेहमीसारखा चकचकीत नको. रविवर्म्याच्या त्या हातात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्रासारखा हवा, मऊ आणि आतून उजळलेला. त्यासाठी मुद्दाम जुनी रशियन हेलिओस ४४-२ मागवली. तीन दिवस झटतेय. फोटो काळपट येतात, चेहरा पुसल्यासारखा दिसतो, मागची तुळस तर ओळखूही येत नाही. लेन्स खराब निघाली का? प्रिंटवाला तीन दिवस आधी फाइल मागतोय. कृपया लवकर सांगा.

खिडकीपाशी (रात्री १०.५२)

कॅमेरा कोणता? लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा ॲडॉप्टर कोणता? शटर (किती वेळ उघडं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), ॲपर्चर (लेन्सचं भोक) किती? एखादा फोटो डकवा. याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

पायवाट (रात्री ११.०५)

लेन्सपुढे लावायचा काचेचा यूव्ही फिल्टर घ्या आणि कडेकडेनं बोटभर व्हॅसलीन फिरवा, मधे रुपयाएवढी जागा कोरडी सोडा. मी भावाच्या लग्नात असंच केलं होतं, सगळ्यांना फोटो आवडले. हेलिओसची गरजच नव्हती.

खिडकीपाशी (रात्री ११.०९)

पायवाट, फिल्टरवरच लावायचं हे ठळक लिहा. कुणी थेट लेन्सच्या काचेवर फासलं तर कोटिंग पुसता पुसता जाईल. हेलिओसला ४९ मिमीचा फिल्टर लागतो.

न्यूजर्सीकर (रात्री ११.३१)

जुन्या लेन्सच्या मागे लागूच नका. लेन्सबेबीची व्हेल्व्हेट ५६ घ्या. एफ १.६ ला (आकडा लहान तेवढं भोक मोठं) चेहऱ्याभोवती उजेड सांडल्यासारखा दिसतो आणि ५.६ पर्यंत ती स्वच्छ होते. मुलीच्या अरंगेत्रमचे फोटो मी त्यावरच काढले.

अबोलीचा_गजरा (मंगळवार, सकाळी ७.१५)

नवी लेन्स घ्यायला वेळ नाही आणि बजेटही नाही. कॅमेरा निकॉनचा आहे. एम, म्हणजे मॅन्युअल मोडवरच ठेवलाय, बाकी कुठल्याही मोडवर 'लेन्स जोडलेली नाही' असा संदेश येतो आणि बटण दाबलंच जात नाही. ॲडॉप्टर लेन्ससोबतच आला होता.

जुनाबाजार (सकाळी ७.४०)

निकॉनचा म्हणजे कोणता? बिनआरशाचा झेड असेल तर प्रश्नच नाही. आरशावाला असेल तर ॲडॉप्टरमध्ये काच आहे का ते बघा. हेलिओस एम४२ चुडीची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची लेन्स आहे, तिला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या एफ माउंटचं (लेन्स बसते त्या तोंडाचं) अंतर ४६.५ मिमी. म्हणजे लेन्स एक मिलिमीटर पुढेच राहते आणि लांबचं काहीच फोकस होत नाही. तुमची तुळस त्यामुळेच गेली.

अबोलीचा_गजरा (सकाळी ७.५८)

डी५६००. ॲडॉप्टर नुसतं कडं आहे, आत काच नाही. मग हे सगळं फुकट गेलं का?

पायवाट (सकाळी ८.०२)

काच असलेला ॲडॉप्टर मागवा, दोन दिवसांत येईल.

जुनाबाजार (सकाळी ८.२०)

अजिबात मागवू नका. स्वस्त ॲडॉप्टरमधली ती भिंगुळी लेन्सचं तेजच मारते. मी पुण्यातल्या जुन्या बाजारातून आणलेल्या ताकुमार लेन्सला लावून बघितला होता, एफ २.८ च्या खाली सगळं दुधात बुडाल्यासारखं. आणि तुम्हाला आजीचा फोटो काढायचाय, डोंगराचा नाही. ५८ मिमी एक मिलिमीटर पुढे गेली की गणितानं साधारण सव्वातीन मीटरपर्यंत फोकस होतं, कड्याच्या जाडीमुळे आणखी थोडं कमी. आजी दीड मीटरवर बसणार. मग अडलं कुठे? तुळस ओळखू न येणं हेच तर तुम्हाला हवं होतं ना?

खिडकीपाशी (सकाळी ८.३३)

बरोबर. पण चेहरा पुसल्यासारखा का येतो हे अजून सुटलेलं नाही. अबोली, शटर आणि ॲपर्चर सांगा. हे दुसऱ्यांदा विचारतोय.

शाईचा_डाग (सकाळी ९.१०)

एक दुरुस्ती, कारण हे फार ठिकाणी चुकतं. हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र राजा रविवर्म्याचं नाही. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. आणि ते तैलचित्र नाही, जलरंग आहे. हळदणकर सावंतवाडीचे. मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी होती.

अबोलीचा_गजरा (सकाळी ९.२४)

अय्या, आम्ही कुडाळचे! आजीच्या माजघरात त्याची छापील प्रत लहानपणापासून पाहतेय आणि सगळे रविवर्माच म्हणतात. आजीला आजच सांगते.

न्यूजर्सीकर (सकाळी ९.४१)

सहस्रचंद्रदर्शन ८० पूर्ण झाल्यावर की ८१? आमच्याकडे दरवेळी वाद होतो.

शाईचा_डाग (सकाळी ९.५५)

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले तर हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि १० महिने होतात. म्हणून एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या शेवटाला करतात.

खिडकीपाशी (सकाळी १०.०२)

मंडळी, शटर. ॲपर्चर.

अबोलीचा_गजरा (दुपारी १.३०)

सॉरी, आजीला डॉक्टरकडे नेलं होतं. शटर १/१५, आयएसओ ४००. लेन्सवर आकड्यांची रिंग ८ वर आहे. आली तेव्हापासून तिथेच आहे. दुसरी एक रिंग आहे तिच्यावर आकडे नाहीत, ती गोल फिरते पण कॅमेऱ्यात काही बदललेलं दिसत नाही.

खिडकीपाशी (दुपारी १.४१)

सापडलं! ही लेन्स प्रीसेट पद्धतीची आहे. आकड्यांची, टक् टक् करत थांबणारी रिंग फक्त मर्यादा ठरवते. बिनआकड्यांची रिंग त्या मर्यादेपर्यंत लेन्समधली, भोक लहानमोठं करणारी पाती उघडते-मिटते. तुम्ही ८ वर पाती मिटून, पावसाळी उजेडात, १/१५ ला, हातात धरून फोटो काढताय. डी५६०० या लेन्सवर उजेड मोजतही नाही, त्यामुळे काळपट येतंय. तुमचा चेहरा मऊ नाही झालेला, तो *हललाय*.

आकड्यांची रिंग २ वर आणा. मग दुसरी कशीही फिरली तरी पाती उघडीच राहतील. लेन्समधून समोरून बघा, भोक पूर्ण गोल दिसायला हवं. शटर १/१२५ च्या खाली नको. आयएसओ ८०० पासून सुरू करा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, मग वरखाली करा.

आणि हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे. फोकस चुकला की कुठलीच रेघ जागेवर नसते. हात हलला की रेघ एका दिशेला ओढली जाते. खरा सॉफ्ट फोकस असतो तेव्हा आत धारदार रेघ शाबूत असते आणि तिच्यावर उजेडाची साय चढलेली असते. काचेच्या मधल्या भागातून आलेले आणि कडेनं आलेले किरण एका जागी मिळत नाहीत, त्यातून ती साय येते. पाती मिटलीत की कडेचे किरण अडतात आणि साय जाते. म्हणून ८ वर या लेन्समध्ये जुनेपण काही उरतच नाही.

लाल_बल्ब (दुपारी ३.०५)

मी १९७८ पासून स्टुडिओ चालवला, डिजिटल आल्यावर बंद केला. खिडकीपाशींनी सांगितलं ते अगदी खरं. फक्त हेलिओस उघडी ठेवूनही फार मऊ नसते, मधोमध बऱ्यापैकी धारदार असते. आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तिची भोवऱ्यासारखी फिरणारी कड बरीचशी कापली जाणार. चित्राचा भाव हवा असेल तर लेन्सपुढे काळा नायलॉनचा मोजा लावा, बायकांचा पातळ लांब मोजा असतो तो.

करायचं असं. सव्वादोनची जुनी बांगडी घ्या. तिच्यावर मोजा तबल्याच्या पुडीसारखा ताणून मागे रबर लावा. लेन्सपासून लांब, ओट्यावर नेऊन, पेटत्या उदबत्तीचं टोक मधोमध टेकवा. नायलॉन क्षणात मागे सरकतं आणि वाटाण्याएवढं भोक पडतं, कड आपोआप वितळून बसते. बांगडी लेन्सच्या तोंडावर बरोबर बसेल. भोकातून डोळे स्वच्छ येतात आणि कडेनं केस, पदर, भिंत सगळं विरघळतं. पांढरा मोजा नको, त्यानं सावल्यांवर राख पडते. काळ्यानं काळं काळंच राहतं.

जुनाबाजार (दुपारी ३.२२)

काका, आदर ठेवून सांगतो, मोजा लावायचा तर हेलिओस कशाला? मग कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्सही चालेल. जुन्या काचेची चूक ही तिची स्वतःची असते, ती बाहेरून आणता येत नाही.

लाल_बल्ब (दुपारी ३.४०)

येते. आम्ही एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायच्या यंत्राच्या लेन्सखालीही हाच मोजा धरायचो. कॅमेऱ्यावर लावला तर उजेड सावलीत सांडतो, एन्लार्जरखाली धरला तर उलटं, सावली उजेडात सांडते आणि चेहरा म्हातारा दिसतो. एकच मोजा, दोन परिणाम. हे कुठल्या काचेनं करून दाखवाल? आणि जर्मनीत इमॅगॉन लेन्सला तर भोकाभोकांच्या चकत्या कारखान्यातूनच यायच्या, त्या पुढे बसवायच्या. त्यांना बाहेरून आणलेलं म्हणाल का?

जुनाबाजार (दुपारी ३.५५)

इमॅगॉनच्या चकत्या काचेच्या कडेचे किरण किती घ्यायचे ते ठरवतात. म्हणजे चूक काचेचीच, चकती फक्त नळ. मोजा किरण विखुरतो. दोन्ही एक नाही.

पायवाट (दुपारी ४.१०)

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडवर काढून ऑइल पेंटिंगचं ॲप लावा ना. दोन मिनिटांचं काम.

शाईचा_डाग (दुपारी ४.३०)

ॲप पानाच्या शिरेला आणि डोळ्याच्या पापणीला एकच कुंचला मारतं. चित्रकार तसं करत नाही. काय धरायचं आणि काय सोडायचं हे तो ठरवतो. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म कोलकाता १८१५, हिनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हातात घेतला. फोकस करता करता जिथे तिला सुंदर दिसायचं तिथेच ती थांबायची. टीकाकार चुका म्हणायचे, ती मागे हटली नाही.

खिडकीपाशी (दुपारी ४.४४)

तिची एक्स्पोजर मिनिटांची असायची, माणसं हलायचीच. तेवढ्यावरून अबोलीनं १/१५ ला परत जाऊ नये एवढीच विनंती.

अबोलीचा_गजरा (बुधवार, दुपारी १२.१०)

रिंग २ वर आणली. भोक बघितलं, इतके दिवस ते मुगाएवढं होतं! फोटो उजळ आले, हलले नाहीत. पण दहातल्या आठांत डोळ्यांऐवजी कान स्वच्छ किंवा नाकाचा शेंडा. व्ह्यूफाइंडरमध्ये तर सगळंच बरोबर दिसतं.

खिडकीपाशी (दुपारी १२.२५)

त्या व्ह्यूफाइंडरवर विश्वास ठेवू नका, एफ २ ची पातळ खोली त्यात दिसतच नाही. दीड मीटरवर पुढून मागे जेमतेम पाच सेंटीमीटर जागा स्वच्छ असते. ट्रायपॉड लावा, लाइव्ह व्ह्यू चालू करून मागच्या पडद्यावर बघा, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर पूर्ण झूम करा आणि पापणीचे केस मोजता येईपर्यंत हळूहळू फिरवा. आजीला पाठ टेकायला द्या. ताठ बसलेलं माणूस श्वासाबरोबर थोडं पुढेमागे होतंच. एका फोकसला सात-आठ फोटो काढा, एक लागेल.

लाल_बल्ब (दुपारी १२.५०)

कुठे बसवलंत त्यांना? उजेड कुठून येतो?

अबोलीचा_गजरा (दुपारी १.०२)

माजघरात, ट्यूबलाइटखाली. बाहेर पाऊस उघडत नाहीये.

लाल_बल्ब (दुपारी १.१५)

अहो ताई, हे आधी सांगायचं! डोक्यावरची ट्यूब डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरते, त्यावर कुठलीही लेन्स काही करणार नाही. पडवीत आणा. पावसाळी आभाळाएवढा मोठा आणि मऊ दिवा कुठल्याच स्टुडिओत मिळत नाही. तोंड बाहेरच्या बाजूला, खांबाकडे थोडं तिरपं. अंधाऱ्या बाजूला दोरीवर धुतलेलं पांढरं धोतर टाका, त्याचा उजेड गालावर येतो. पाठीमागे माजघराचं उघडं दार येऊ दे, तो काळोखच तुमचा पडदा. अंगावर दागिने आहेत का?

अबोलीचा_गजरा (दुपारी १.२१)

नथ घालणार आहे, मोत्यांची. आणि मोरपंखी नऊवारी.

लाल_बल्ब (दुपारी १.३०)

मग मोज्याची कमाल नथीवर बघा. मला कळवा.

जुनाबाजार (दुपारी १.४४)

एकदा तरी मोज्याशिवाय काढून बघा. आणि लेन्सला एका बाजूनं टॉर्च मारून आत बघा. कोकणातल्या पावसाळ्यात काचेत बुरशीची जाळी चढते. तो मऊपणा नव्हे, सगळ्या फोटोवर सारखी पडणारी धूळ असते ती. समारंभ झाला की लेन्स कपाटात कापडात गुंडाळून ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

अबोलीचा_गजरा (गुरुवार, सकाळी ११.५०)

झाला! टॉर्च मारली, आत स्वच्छ आहे. पडवीत, पाऊस थोडा कमी झाल्यावर, आयएसओ ८००, १/१६०, एफ २. साठ फोटो काढले. मोज्याशिवाय आणि मोज्यासकट दोन्ही काढले. उदबत्तीनं भोक पाडताना पहिला मोजा फाटला, दुसरा जमला.

मोज्याशिवाय नथीचा प्रत्येक मोती टिपूस टिपूस वेगळा दिसतो, कडेला बारीक उजेड. मोज्यासकट त्या मोत्यांचा उजेड एकमेकांत मिसळून वरच्या ओठावर उतरलाय, आणि तरी डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतात. हाताच्या शिरा अर्ध्या दिसतात, अर्ध्या पदरात गेल्यात. मागे दाराचा काळोख, त्यात समईची ज्योत लावून ठेवली होती, ती संत्र्याएवढी गोल झालीय. आजीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "गो, ही माझी आई दिसता."

मोज्याचा निवडलाय. जुनाबाजार, तुम्ही म्हणालात तो मोज्याशिवायचा आईसाठी छोटा छापतेय.

आता शेवटचं. १२ बाय १८ ला कागद कोणता? चकचकीत की मॅट?

खिडकीपाशी (दुपारी १२.०४)

मॅट. आणि प्रिंटवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, तोंडी नाही, ऑर्डरवर लिहून द्या. नाहीतर यंत्र त्या मऊपणाला दोष समजून फाइल धारदार करतं आणि सगळे मोती सुटे करून टाकतं.

लाल_बल्ब (दुपारी १२.३०)

आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढून घ्या. पडवीत, दिवसाउजेडी बघा. स्क्रीनपेक्षा प्रिंट काळी येते, गालाची अंधारी बाजू बुडाली तर थोडी उचला. फ्रेमची काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे पुठ्ठ्याच्या चौकटीचा माउंट घाला. कोकणच्या दमटपणात कागद काचेला धरतो.

अबोलीचा_गजरा (दुपारी १२.४१)

लिहून दिलं, नमुना संध्याकाळी मिळतोय. काका, माउंट कोणत्या रंगाचा?

लाल_बल्ब (दुपारी १२.४६)

सायीचा. पांढराशुभ्र नको, मोती फिके पडतील.

न्यूजर्सीकर (दुपारी ४.५५)

समारंभानंतर हेलिओस विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अबोलीचा_गजरा (सायंकाळी ५.१०)

विकणार नाही.