बगझिलाची जुनी मदतपानं काढून टाकायची की ठेवायची?

दांडिया बाजारकर

वडोदऱ्यातले आम्ही सात-आठ मराठी टेस्टर आणि प्रोग्रामर महिन्यातून एका रविवारी रावपुऱ्यात जमतो. गेल्या रविवारी बगझिलाच्या मदतपानांवरून वाद झाला आणि उशीर झाला म्हणून तो अर्धाच राहिला. तो इथे पुरा करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सॉफ्टवेअरमधली चूक नोंदवायची, ती कोणाकडे आहे आणि कुठवर आली हे बघायचं, यासाठीची बगझिला ही मुक्त स्रोत प्रणाली. १९९८ मध्ये मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांच्या, कामासाठी निघाली, पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली आहे, आणि कोणीही फुकट उतरवून आपल्या मशीनवर बसवू शकतो.

वादाचं मूळ आमच्या ऑफिसात आहे. टीममध्ये एक नवीन मुलगी आली. तिला म्हटलं, रिकाम्या मशीनवर बगझिला बसव, पायऱ्या लिहिलेल्या आहेत. त्या पायऱ्या आमच्याकडे कोणीतरी ५.० आवृत्तीच्या वेळी उतरवलेल्या. ५.० आली जुलै २०१५ मध्ये. मुलीने डेटाबेस म्हणून मायएसक्यूएल ८ टाकलं, कारण पायऱ्यांत नुसतं 'मायएसक्यूएल' असं आहे, आकडा नाही. मग चेकसेटअप.पीएल ही बगझिला बसवणारी स्क्रिप्ट चालवली. ते थांबलं. पहिल्या फेरीत ते थांबतंच: लोकलकॉन्फिग नावाची फाइल तयार करतं, तुम्ही तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड भरायचा आणि पुन्हा चालवायचं. आमच्या पायऱ्यांत एकच ओळ, 'चेकसेटअप चालवावे'. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. सगळं पुसून पहिल्यापासून केलं. दोनदा.

पासवर्डचं कळल्यावर दुसरी फेरी झाली, तर 'ग्रुप्स' या शब्दाजवळ एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेची, चूक. बगझिलात वापरकर्त्यांच्या गटांचं जे टेबल आहे त्याचं नावच ग्रुप्स, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये तो शब्द राखीव झाला, म्हणजे नाव म्हणून तसाच वापरता येईना. २०१५ मध्ये पायऱ्या उतरवणाऱ्याला हे कळायचं कारण नव्हतं, त्याला दोष नाही. पण तिचे दोन दिवस गेले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला विचारत होती की मी या कामाला योग्य आहे ना. ते माझ्या मनातून जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी पानं काढून टाका. आज ज्या पायऱ्या कोणीतरी स्वतःच्या हाताने करून पाहिल्या तेवढ्याच ठेवा, मग त्या दहा असोत की चार. पान नसलं तर माणूस शेजारच्याला विचारतो. पान असलं तर त्यावर विसंबतो आणि स्वतःवर शंका घेतो.

मकरपुरा लेथ

दादा, त्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण काढून टाकायला माझा विरोध आहे.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, तीस वर्षं काढली, आधी मशीनवर, नंतर संगणक विभागात. आमच्या लेथच्या खांबाला मॅन्युअल सुतळीने बांधलेलं असायचं. तेलाने पानं पारदर्शक झालेली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'गिअर बदलला, खालचा तक्ता धरू नये'. पण तो छापील तक्ता कोणी फाडला नाही, कारण शेजारच्या शेडमध्ये तेच मशीन जुन्या गिअरवर चालत होतं आणि तिथला माणूस आमच्याचकडे येऊन तो तक्ता बघायचा.

बगझिलात हेच आहे. ४.० आली २०११ मध्ये. तोपर्यंत बगची, म्हणजे नोंदवलेल्या चुकीची, वाट न्यू, असाइन्ड, रिझॉल्व्ड, व्हेरिफाइड, क्लोज्ड अशी होती, आणि परत उघडला तर रिओपन्ड. ४.० पासून नव्याने बसवलं की न्यूच्या जागी कन्फर्म्ड येतं, असाइन्डच्या जागी इन प्रोग्रेस, आणि रिओपन्ड व क्लोज्ड दोन्ही नाहीत. पण जुन्यावरून वर चढवलेल्या बगझिलात जुनेच शब्द राहतात, हवं तर वेगळी स्क्रिप्ट चालवून बदलायचे. खुद्द मोझिलाच्या बगझिलावर आजही न्यू आणि असाइन्ड आहे. आता तुम्ही 'न्यू म्हणजे काय' हे पान जुनं म्हणून काढलंत, तर या सगळ्या ठिकाणच्या माणसाने कुठे बघायचं?

पान जुनं झालं म्हणजे खोटं झालं असं नाही. ते कोणत्या मशीनचं आहे ते वर लिहा, आणि राहू द्या.

कोठी चाररस्ता

काका, तुमचं मॅन्युअल खांबाला बांधलेलं होतं, सगळी मेख तिथे आहे. आपली पानं मशीनपासून सुटलेली आहेत. कोणी कॉपी केलं, कोणी पीडीएफ करून ग्रुपवर टाकलं, कोणी आपल्या पानावर 'सोप्या भाषेत' लिहिलं. वर तुम्ही कितीही 'फक्त ५.० साठी' लिहा, कॉपी करणारा पहिली ओळ सोडूनच कॉपी करतो. मी दादांच्या बाजूने.

आणि बाहेरचं सोडा, आतलं पान तरी कुठे बरोबर असतं? आम्ही एका ग्राहकासाठी बगझिला सांभाळतो. त्यांनी 'रीटेस्ट' नावाची स्थिती वाढवून घेतली. बगझिलाच्या स्वतःच्या मदतपानावर प्रत्येक स्थितीचा अर्थ दिलेला आहे, पण तो मजकूर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्याच्या फाइलीत, लिहिलेला आहे आणि स्थिती येतात डेटाबेसातून. इकडे वाढवली म्हणून तिकडे वाढत नाही. टेम्प्लेटची प्रत कस्टम फोल्डरात ठेवून आपणच लिहायचं असतं. ते कोणी लिहिलं नाही. डेव्हलपर समजायचा, रीटेस्ट म्हणजे मी दुरुस्त केलं, आता टेस्टरने बघावं. टेस्टर समजायचा, मी एकदा बघितलं, पुढची बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची नवी प्रत, आली की परत बघायचं. बिलातले पैसे चुकीचे राउंड होण्याचा एक बग असा दोघांच्या मध्ये तीन आठवडे पडून होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी नंतर बसून दोन ओळी लिहिल्या, वीस मिनिटं लागली.

पर्लवाला

तुमच्या दोघांच्या भांडणात मला एक गोष्ट दिसत नाही. हे सगळं लिहायचं कोणी, आणि दर वर्षी?

मी पंधरा वर्षं पर्लमध्ये काम करतोय. सुट्टीतला वेळ मोजून असतो. तोच वेळ पानांवर घालण्यापेक्षा प्रोग्रामवर घाला. चेकसेटअप पहिल्या फेरीत गुपचूप थांबत नाही. लोकलकॉन्फिग बदला आणि मला पुन्हा चालवा, असं ते स्क्रीनवर लिहितं. म्हणजे मदत आहे, अडतं नेमकी तिथेच आहे. माणूस स्क्रीन वाचत नाही, पान मात्र वाचेल, हे मला पटत नाही. अडचण जिथे येते तिथला संदेश चांगला करा. 'तुमचा डेटाबेस या आवृत्तीला चालणार नाही' एवढं प्रोग्रामनेच सांगितलं तर पान जुनं होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण संदेश कोडबरोबर पुढे जातो.

नवी टेस्टर

दांडिया बाजारकर दादांनी लिहिलेली मुलगी मीच. पर्लवाला दादा, मी स्क्रीन वाचली होती.

वर मॉड्यूलची, म्हणजे बगझिलाला लागणाऱ्या पर्लच्या जोड-भागांची, लांब यादी येते. त्यात बऱ्याच ओळींपुढे 'नॉट फाउंड' असं होतं. ती ऐच्छिक मॉड्यूल आहेत, नसली तरी चालतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं की यातलंच काहीतरी नाही म्हणून थांबलं. एकेक मॉड्यूल घालत बसले. लोकलकॉन्फिगची ओळ शेवटी होती, ती मी वाचलीसुद्धा, पण मला वाटलं ती नेहमीची सूचना आहे. पायऱ्यांत जर एवढंच असतं की 'पहिल्यांदा थांबेल, घाबरू नका', तर मी थांबले असते.

संदेश प्रोग्राम काय करतोय ते सांगतो. मला हवं होतं की असं होणं बरोबर आहे, हे कोणीतरी सांगावं.

पर्लवाला

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. ऐच्छिक आणि आवश्यक मॉड्यूलची यादी मला बघितल्याबरोबर वेगळी दिसते, कारण मी शेकडो वेळा पाहिली आहे. तुझी ती ओळ पानात हवी, मान्य.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. तू सांगितलंस ती एक ओळ. बाकी चाळीस पानं कोणी तपासायची?

सूरसागर काठ

मला यात भाषेचं बोलायचं आहे. गेल्या रविवारी बोलले तेव्हा 'ते नंतर बघू' असं झालं.

आपण सगळे घरात मराठी, ऑफिसात गुजराती-हिंदी, आणि पान वाचायचं इंग्रजीत. नवीन पोरं अडतात ती बरेचदा यातच. तर इंग्रजी पानं दुरुस्त करण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आपण नवीन मराठी पानं का लिहू नयेत? ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू, आठ भाषांत काढला, गुजराती-मराठीपासून फारसी-बंगालीपर्यंत शब्द शेजारी शेजारी मांडून, त्या गावात आपण 'असाइन्ड'ला शब्द शोधू शकत नाही? कचेरीतल्या माणसाला कागद कळला पाहिजे हाच त्यामागचा विचार होता. आपलंही तेच काम आहे.

मकरपुरा लेथ

ताई, हेतू मोलाचा आहे, पण क्रम उलटा होतोय. चुकीच्या पानाचं भाषांतर केलं तर एक चूक दोन भाषांत होईल. आणि इंग्रजीतली कधीतरी कोणीतरी दुरुस्त करेल, मराठीतली आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

दुसरं, स्थितीचे शब्द बदलू नका. रिझॉल्व्ड हा शब्द डेटाबेसात बसलेला आहे, शोध त्याच शब्दावर चालतो. मदतीत 'निकाली' लिहिलं आणि स्क्रीनवर रिझॉल्व्ड दिसलं तर माणूस दोन वेगळ्या गोष्टी समजेल. शब्द तोच ठेवा, अर्थ मराठीत सांगा.

सूरसागर काठ

काका, शब्दाचं मान्य. कल्पतरूतही मूळ शब्द पुसला नव्हता, शेजारी आपला ठेवला होता. तसंच करू.

क्रमाचं मात्र मान्य नाही. इंग्रजी पान पूर्ण बरोबर होण्याची वाट बघितली तर मराठी पान कधीच होणार नाही, आजवर झालं नाही ते याच कारणाने. आणि मी तर म्हणते, मराठीत लिहायला बसलं की चूक सापडते. वाक्य आपल्या भाषेत मांडायचं तर आधी ते कळावं लागतं. गेल्या महिन्यात 'बग कसा लिहावा' हे पान मराठीत करायला घेतलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या प्रतीत दोन जागी अशा बटणाचं नाव निघालं जे आमच्या स्क्रीनवर नाहीच. इंग्रजीत मी ते पान चार वर्षं वाचत होते.

दांडिया बाजारकर

ताईंचा शेवटचा मुद्दा मला जोरदार वाटला. वाचताना नजर पुढे सरकते, लिहिताना अडते.

काकांचं अर्धं मी घेतो. स्थितींचं पान काढायचं नाही, त्यात दोन्ही वाटा द्यायच्या, ४.० च्या आधीची आणि नंतरची. तिथे मी घाईने बोललो. पण बसवण्याच्या पायऱ्यांबाबत मी ठाम आहे. स्थितीचा अर्थ चुकला तर माणूस गोंधळतो, बसवण्याची पायरी चुकली तर काम बंद पडतं. 'जुन्यांसाठी राहू द्या' म्हणाल तर जुन्यांनी आपलं केव्हाच बसवून घेतलंय. त्या पानावर येणारा प्रत्येक जण नवीनच असतो. आणि मायएसक्यूएल ५.७ टाकून जुनं पान खरं करत बसणं हा उपाय नव्हे, ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. बगझिलाची ५.२ सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली आहे, पायऱ्या तिच्यावर करून बघून लिहू.

पर्लवाला, 'कोणी तपासायचं' याला माझं उत्तर: ज्याला येत नाही त्याने. आपण तपासलं तर आपला हात न लिहिलेली पायरी आपोआप करून जातो आणि पान बरोबरच वाटतं.

कोठी चाररस्ता

एक राहिलं. बगझिलाची मदत ५.० पासून साध्या मजकुराच्या फाइलींत आहे, कोडच्याच शेजारी, डॉक्स फोल्डरात. दुरुस्ती पाठवायला पर्ल यायची गरज नाही. आणि त्यांच्या बगझिलात मदतपानांसाठी वेगळा कप्पा आहे, तिथे नुसती चूक नोंदवली तरी ते काम झालं. आपण सगळे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका नोंदवतो. पानातली चूकही बगच आहे, मग ती ग्रुपवर बोलून का सोडतो? काकांना सुतळी हवी होती ना, ती हीच.

मकरपुरा लेथ

सुतळी पटली. पण ऑफिसच्या बसवण्याच्या पायऱ्या पुसाल तर मी एक प्रत माझ्याकडे ठेवणार, हे आत्ताच सांगतो. अजून दोन कारखान्यांत ५.० चालू आहे, मीच बसवलं आहे. उद्या त्यांचं मशीन बसलं तर मला तेच कागद लागतील. आधीच बसवून झालेल्यालाही पुन्हा बसवायची वेळ येते, दादा. हे तुम्ही धरलेलं नाही.

नवी टेस्टर

काका, मग त्या कागदांवर मायएसक्यूएलचा आकडा तेवढा लिहून ठेवाल का? ५.७ की आणखी खालचं. जो आता तिथे आहे तो. मी ते तुमच्याबरोबर बसून लिहायला येईन.

५.२ च्या पायऱ्या मी काल सुरू केल्या. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसलं तेही लिहितेय. पहिल्या चार ओळी झाल्या: उतरवून घ्या, चेकसेटअप चालवा, ते थांबेल आणि ते बरोबर आहे, लोकलकॉन्फिग उघडा. पाचवीला अडले आहे, पासवर्ड भरायची ओळ नेमकी कुठली हे कसं सांगावं कळत नाही, कारण फाइलीत टिपाच जास्त आहेत. रविवारी लॅपटॉप घेऊन येते. सूरसागर ताई, तुम्ही शेजारी बसून मराठीत लिहा, म्हणजे मी जिथे नीट सांगू शकणार नाही तिथे तुमचं पेन थांबेल.