पोस्टकार्डावरच्या शेतातल्या बाकीच्या वाटा गेल्या कुठे?

प्रश्न
व्हॅन गॉगच्या ‘गव्हाचं शेत आणि कावळे’ची दोन पोस्टकार्डं माझ्याकडे आहेत. एकावर तीन वाटा आहेत. मधली वळत पिकात शिरते, बाजूच्या दोन चित्राबाहेर जातात. दुसऱ्यावर मधली तेवढी धड दिसते, बाकीच्यांचे नुसते तुकडे. पहिल्यावरचं आकाश गर्द निळं, दुसऱ्यावर जवळजवळ काळं. हे दुसरं कार्ड मी बारा वर्षं टेबलासमोर टाचून ठेवलं होतं. त्या काळ्या आकाशामुळे हे मरणाचंच चित्र, असं मनात पक्कं बसलंय. खरं कुठलं मानू?

उत्तर १
वाटा कापल्या गेल्यात. मूळ चित्र ५०.५ बाय १०३ सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या दुप्पट लांब. कार्ड साधारण १० बाय १५. ते काठोकाठ भरायचं तर रुंदीचा चौथा हिस्सा जातोच. १८९० साली ओव्हेर या फ्रान्समधल्या खेड्यात त्याने असे लांबट कॅनव्हास मुद्दाम वापरले होते, म्हणून ही छाटणी मला अजिबात सहन होत नाही. वर-खाली पांढरी पट्टी सोडलेलं कार्डच घ्या. चित्र लहान दिसेल, पण अख्खं असेल.

मरणाचं म्हणाल, तर हे त्याचं शेवटचं चित्र नव्हे. झाडांच्या मुळांचं चित्र त्यानंतरचं मानतात. वादळी आभाळाखालच्या शेतांबद्दल त्याने भावाला, थिओला लिहिलं, त्यात दुःख आणि एकटेपण आहे. पण खेड्यातलं जे निरोगी, बळ देणारं वाटतं, तेही त्याच पत्रात आहे.

उत्तर २
रंगासाठी भिंग घ्या. छपाई चार शायांच्या ठिपक्यांची असते. गडद निळ्यात काळी जास्त पडली की आकाश बुडालंच. ठिपक्याठिपक्यांनी रंगवणाऱ्या जॉर्ज सरा या चित्रकाराच्या ‘ग्रांद जात’ चित्राचं कार्ड भिंगाखाली धरा. त्याचे ठिपके विरून जातात, छापखान्याचे उरतात. त्याचं मूळ चित्रही जसंच्या तसं राहिलेलं नाही. त्यातला झिंक यलो हा पिवळा रंग तपकिरी पडला आहे. तेव्हा ‘खरा रंग’ म्हणताना जरा जपून. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं चित्र शेजारी ठेवून बघा.

प्रश्नकर्ती
बघितलं. काळ्या कार्डाच्या आकाशात काळे ठिपके गच्च भरलेत. आता तीन वाटांचं कार्ड टाचलंय. मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना हिरवं गवत आहे. बारा वर्षांत ते एकदाही दिसलं नव्हतं.