चेनसॉ: आधी सायलेन्सर काढून पिस्टन बघा
ठिणगी पडतेय, कार्बोरेटर धुतलाय, तरी चेनसॉ सुरू होत नाही म्हणताय. पण नव्या कार्बोरेटरची घाई नको. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे असतील तर सिलिंडर उतरवावाच लागेल. पिस्टन गुळगुळीत असेल तर प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेलं पेट्रोल थोडंसं सोडा, प्लग बसवून दोरी ओढा. क्षणभर पेटून विझलं, म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

इथे लोक क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांच्या रबरी कड्या, हमखास विसरतात! कार्बोरेटरमधला पेट्रोल ओढणारा डायफ्रॅम (पातळ पडदा) क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या चढउतारावरच हलतो. सील कडक झाले की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टनही जळतो. दोन्ही बाजूंचे सील बदला. जुने सील सोबत घेऊन कोल्हापुरात उद्यमनगरात विचारा, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी मोजूनच घ्या.