अपॉइंटमेंट ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली, म्हणजे नक्की कुठे गेली?

प्रश्न

मी दीड वर्षापासून लेस्टरला आहे. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचायला अडत नाही, पण क्रियापदाला ऑफ, अप, बॅक असं काही चिकटलं की अर्थ हातातून निसटतो. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या तपासणीचं पत्र आलं. ‘युअर अपॉइंटमेंट हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड’ एवढं वाचून मी ‘तारीख पुढे ढकलली’ असं समजले आणि नवी तारीख नंतर सावकाश बघू म्हणून पत्र ठेवून दिलं. तारीख खरं तर ८ दिवस अलीकडे आली होती. ती हुकली. त्यांना आता पोथीसुद्धा वाचता येत नाही, म्हणून जास्तच वाईट वाटतंय.

फॉरवर्ड म्हणजे पुढेच ना? मग पुढे आणलेली तारीख अलीकडे कशी येते? ‘पुश्ड बॅक’ असेल तर काय समजायचं? आणि ही वाक्यं सदानकदा कर्मणीतच का? कोणी आणली, कोणी ढकलली, त्याचा पत्ताच नसतो.

प्रतिसाद

ताई, मी २५ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. या एका जागी मी मुलांनाच काय, मोठ्या अधिकाऱ्यांनाही अडखळताना पाहिलंय.

आपण मराठीत काळाच्या वाटेवरून चालतो आणि आपलं तोंड येणाऱ्या दिवसांकडे असतं. ‘पुढच्या सोमवारी’, ‘पुढचं पुढे बघू’, ‘मागे एकदा आलो होतो’. म्हणून काम पुढे ढकललं की ते आपल्यापासून लांब जातं. इंग्रजीतही माणूस भविष्याकडे बघताना ‘फॉरवर्ड’च बघतो. पण तारीख हलवायची वेळ आली की ती भाषा दिशा धरते ती तारखेची. असं डोळ्यांपुढे आणा : तुम्ही खिडकीत बसलाय आणि समोर तारखा रांगेत उभ्या आहेत, सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे. त्यातली एक पुढे आणली की ती तुमच्या जवळ आली, म्हणजे लवकर झाली. मागे सारली की लांब गेली, म्हणजे उशिरा. त्यामुळे ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणली, आणि ‘पुश्ड बॅक’ म्हणजे चक्क आपली ‘पुढे ढकलली’. शब्द नेमके उलटे. अमेरिकेत ‘मूव्ह्ड अप’ म्हणतात, तेही लवकरच. ‘पुट ऑफ’ असेल तर निर्धास्त राहा, तिथे दिशेचा घोळ नाही, लांबणीवरच पडलं.

मला यातली फार आवडणारी गोष्ट सांगतो. हे रांगेचं चित्र आपल्याकडेही आहे, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. आगाऊ रक्कम कधी देतो? वेळेआधी. ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो’ यातलं मागाहून म्हणजे नंतर. संस्कृतात पूर्व म्हणजे समोरचं आणि आधीचंही. पश्चात म्हणजे पाठीमागे आणि नंतरही. तेव्हा ‘फॉरवर्ड’ दिसलं की ‘आगाऊ’ आठवा, ‘बॅक’ दिसलं की ‘मागाहून’. वर्गात ही जोडी दिली की मुलं पुन्हा सहसा चुकत नसत.

दोन ठिकाणी मात्र जपून. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं ‘पुट फॉरवर्ड’ होतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘पुट बॅक’. तिथे काटा आपल्यासारखाच पुढे-मागे करायचा. पण तिथलीच ‘मीटिंग पुट बॅक’ झाली तर ती उशिरावर गेली. आणि प्रस्ताव ‘पुट फॉरवर्ड’ झाला तर तारखेचा काही संबंध नाही, तो मांडला गेला. आपण भारतात ‘प्रीपोन’ वापरतो. शब्द सोयीचा आहे, पण तिथल्या दवाखान्यात तो समजेलच असं नाही.

कर्मणीचं म्हणाल, तर आपलं सरकारी मराठी वेगळं काय करतं? ‘बैठक पुढे ढकलण्यात आली आहे.’ कोणी ढकलली ते इथेही नाही. बोलताना मात्र आपण ‘बैठक लांबली’, ‘पुढे गेली’ म्हणून मोकळे होतो. अशा इंग्रजी वाक्यांचा अर्थ लावताना हीच सवय कामी येते. शेवटच्या ऑफ-अपचं भाषांतर करत बसू नका आणि ‘केला गेला’ही लावू नका. जे घडलं त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते शोधा. ‘आय वॉज हेल्ड अप’ : अडकलो होतो. ‘ही वॉज टेकन इन’ : तो फसला. ‘शी वॉज टोल्ड ऑफ’ : तिने बोलणी खाल्ली. (आपण मार, शिव्या, बोलणी सगळं ‘खातो’, त्या एका क्रियापदात सगळी कर्मणी आली.) ‘वुई वेअर लेट डाउन’ : आम्हाला ऐनवेळी तोंडघशी पाडलं. ‘द हाऊस वॉज ब्रोकन इन्टू’ : घरफोडी झाली.

प्रश्न

सर, याच धाग्यात विचारते. मुलाच्या व्याकरणाच्या वहीत ‘द बॉय वॉज लाफ्ड ॲट बाय हिज फ्रेंड्स’ असं उत्तर आहे. ॲट आणि बाय शेजारी-शेजारी? मी ॲट खोडायला लावला आणि बाईंनी गुण कापले.

प्रतिसाद

गुण बरोबर कापले. ‘लाफ ॲट’ हे मिळून एकच क्रियापद आहे. बाय आला तो करणाऱ्यासाठी. नुसतं ‘लाफ’ म्हणजे हसणं, ‘लाफ ॲट’ म्हणजे एखाद्याला हसणं. ॲट काढलात तर त्या मुलाला हसले हा अर्थच जातो. ‘लुक्ड आफ्टर बाय’, ‘लुक्ड डाउन ऑन बाय’ यांचंही तसंच. करणारा गाळला तरी शेपूट राहतं : ‘द बेड हॅजन्ट बीन स्लेप्ट इन’, म्हणजे या गादीवर कोणी झोपलेलं दिसत नाही.

मराठीत ‘त्याला हसलं गेलं’ कोणी म्हणेल का? आपण म्हणतो, ‘त्याचं हसं झालं.’ वहीत ते उत्तराच्या बाजूला लिहून ठेवा, मुलाला वाक्य कळेल.

उलटी चूकही होते. ‘आय वॉज ग्रोन अप इन नागपूर’ हे मी मुलाखतींत ऐकलंय. मराठीकडे बघा : मी वाढलो, मला आजीने वाढवलं. वाढलो ते ‘ग्रू अप’, त्याची कर्मणी होत नाही. वाढवलं ते ‘ब्रॉट अप’, त्याची होते. तसंच गाडी ‘वॉज ब्रोकन डाउन’ नव्हे, ‘ब्रोक डाउन’. ती आपली आपण बंद पडली.

आणखी एक प्रतिसाद

‘लेड ऑफ’ राहिलं. पुण्यात आयटीत सध्या कोणालाही काढलं की ‘लेड ऑफ झाला’ म्हणतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘ले-ऑफ’ वेगळा होता : कोळसा, वीज, कच्चा माल नाही म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव हजेरीपटावर कायम. ठरावीक अटींत त्याला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळे. नाव कमी करणं म्हणजे कामगार-कपात, ती निराळी. माझ्या वडिलांच्या तोंडी ‘ले-ऑफ’ म्हणजे घरी बसलोय पण नोकरी आहे. माझ्या ईमेलमध्ये तोच शब्द आला तेव्हा नोकरी गेलेली होती. वडिलांना ते समजावून सांगायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सरांचं आगाऊ-मागाहून सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना ते लगेच पटलं. आज दवाखान्यात फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, ‘शी कॅन बी फिटेड इन ऑन थर्सडे’. मी अंदाज केला नाही, म्हणजे काय ते सरळ विचारलं. कोणीतरी वेळ रद्द केली होती, तिथे मध्येच आम्हाला बसवून घेतायत. वार आणि तारीख दोन्ही लिहून घेतलं. गुरुवारी सकाळी १० ला जातोय.