परदेशी पैसा, पुण्याच्या गर्भारणी आणि ‘आजीला विचारलं असतं तर’

तिखटजाळ:
कालपासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे, ‘गोऱ्यांनी पैसे ओतून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भारणींची रक्तं काढली आणि तीस वर्षांनी शोध काय लावला, तर आईनं नीट खावं. आमच्या आजीनं फुकटात सांगितलं असतं.’ खाली टाळ्यांचा पाऊस.

राहवेना म्हणून लिहितेय. १९९३ला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी सहा गावांत काम सुरू केलं, वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेनं पैसा दिला, हे खरंच. पण निघालं काय? बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या बाळांहून कितीतरी हलकी. तरी चरबी त्या मानानं शाबूत, कमी होते ते स्नायू. दोन तृतीयांश आयांचं बी१२ (मांस, अंडी, दुधातून मिळणारं जीवनसत्त्व) कमी, फोलेट (पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व) मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक. आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीरानं इन्सुलिनला दाद न देणं, मधुमेहाची नांदीच, सर्वांत जास्त कुणाच्यात? ज्यांच्या आईचं फोलेट भरपूर आणि बी१२ तळाला. सांगा, कुठल्या आजीला हे ठाऊक होतं?

खडूस_नाना:
ताई, आजीला नावं ठेवू नका. आमच्या आजीनं डिंकाचे लाडू आणि अळीव घालून सहा बाळंतपणं काढली. आता मुद्दा. पैसा त्यांचा, म्हणून प्रश्नही त्यांचेच. त्यांना मिथिलेशन (जनुकांवरच्या चालू-बंदच्या रासायनिक खुणा) मोजायचंय, आपल्याला अंगणवाडीत धड खिचडी हवी आहे. २०२१ला ब्रिटननं मदतीचा हात आखडता घेतला तेव्हा कितीतरी प्रकल्पांची पंचाईत झाली. ही तुमची भागीदारी!

तिखटजाळ:
म्हणजे पैसा आला तरी वाईट आणि थांबला तरी वाईट. नाना, एक काहीतरी ठरवा. आणि सगळा पैसा त्यांचा नव्हता. त्याच गावांतल्या मुलांना पुढे रोज २ मायक्रोग्रॅम बी१२ देऊन पाहिलं, त्यात आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, आयसीएमआरही होती.

लॅबमधला_उंदीर:
मुंबईचा ‘सरस’ प्रकल्प विसरलात. वस्तीतल्या बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्याचा. त्याच मुलांचं मिथिलेशन नंतर गांबियातल्या मुलांबरोबर तपासलं. त्यात आपल्या डीबीटीचाही, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचाही पैसा होता. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेचे लोक तिथे नुसते नळ्या धुवायला नव्हते.

खडूस_नाना:
आणि ‘सरस’चा निकाल? एकूण बायका धरल्या तर बाळांच्या वजनात फरक नाही. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत ४८ ग्रॅम. अठ्ठेचाळीस! एवढ्या वजनाचा तर वडापावातला पाव असतो.

लॅबमधला_उंदीर:
सोयीचं तेवढंच वाचलंत. गरोदरपणातला मधुमेह बटाटा-कांदावाल्या गटात १२.४ टक्के, खाऊवाल्या गटात ७.३, तोही पालेभाजी, फळं आणि दुधावर. पण याला टाळ्या नाहीत, कारण यात गोऱ्यांना शिव्या देता येत नाहीत.

खडूस_नाना:
बरं बाबा, हे जरा कामाचं दिसतंय. मिळालं समाधान?

वरणभात_तूप:
मला एक कळत नाही. हे बी१२ प्रकरण शेवटी शाकाहारावरच का येतं? आम्ही तीन पिढ्या वरणभात खातोय.

माळावरची:
मीही वरणभातवालीच. पायांना मुंग्या यायच्या, रात्र रात्र झोप नाही. एका डॉक्टरांनी ‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी बी१२ बघितलं तर मोजण्यासारखं उरलंच नव्हतं. इंजेक्शनं घेतली. आता आठवड्यातून चार अंडी खाते, सासूबाईंच्या नाकावर टिच्चून.

वरणभात_तूप:
आलं अंडं! वाटच बघत होतो. प्रत्येक संशोधन शेवटी आमच्या ताटात अंडं ठेवूनच संपतं. दूध-दही नाही का?

माळावरची:
आहे ना, पण परवडायला हवं. बिनसाखरेच्या काळ्या चहावर दिवस काढणाऱ्या बाईला तुम्ही दह्याची वाटी सांगताय. आमच्या तालुक्यात शाळेतल्या पोरांना २०२३च्या शेवटी आठवड्याला एक अंडं मिळायला लागलं, नको असेल त्याला केळं. २०२५च्या जानेवारीत सरकारनं निधी काढून घेतला. पन्नास कोटींचा प्रश्न. म्हणे लोकसहभागातून करा!

वरणभात_तूप:
माझ्या करातून अंडी कशाला? श्रद्धा म्हणून काही असतं की नाही?

माळावरची:
केळं लिहिलंय, वाचता येतं ना? तुमची श्रद्धा तुमच्या ताटात ठेवा. दुसऱ्याच्या पोराच्या ताटात कशाला डोकावता?

वरणभात_तूप:
भाषा सांभाळा. शाकाहारी म्हटलं की झोडपायचं, ही फॅशनच झाली आहे.

खडूस_नाना:
आता कळलं का, मी परदेशी पैशावर का चिडतो? याज्ञिकांचं काम मी नाकारत नाही, उलट हवंच होतं. पण स्वतःच्या पोरांना अंडं देताना पन्नास कोटींसाठी हात आखडता घेणारं सरकार तीस वर्षं गावांचा पाठपुरावा कुठून करणार?

तिखटजाळ:
नाना, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतेय. तुम्ही फक्त उलट्या बाजूनं आलात.

खडूस_नाना:
मी माझ्याच बाजूला आहे. तुम्ही सरकत आलात.

लॅबमधला_उंदीर:
अंड्यासाठी वेगळा धागा काढा, मूळ विषय राहिला.

वरणभात_तूप:
वेगळा कशाला? इथेच होऊ दे. केळं सगळ्यांनाच का देत नाही, त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.